रॉड्रिग्जआजोबांचं नाव

वसईतल्या एका बँकशाखेत मी अधिकारी होतो तेव्हाची, १९८९ सालची गोष्ट. खतावण्या हातानं लिहायचे दिवस. एका सकाळी पानमळा राखणारे रॉड्रिग्जआजोबा पासबुक घेऊन आले. मुलानं आखातातून पाठवलेले पैसे जमा दिसत नव्हते. ते मी दुसऱ्याच रॉड्रिग्जच्या खात्यात टाकले होते! चूक माझी, दुरुस्त केली, पण वर शहाणपणाही केला. ‘‘काय करणार आजोबा, इथं सगळेच रॉड्रिग्ज. पोर्तुगीजांनी वाटलेली नावं!’’

‘‘वाटली असतील साहेब,’’ ते शांतपणे म्हणाले, ‘‘पण अर्थ काय त्याचा?’’

मला सांगता आला नाही.

निवृत्तीनंतर वेळ मिळाला, तेव्हा शोधलं. रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा मुलगा. स्पेनमध्ये शेवटी झेड लिहितात, पोर्तुगालमध्ये एस. वसई-गोव्याला आलं ते एसवालं. पण रॉड्रिगो हे नाव मुळात स्पेनचंही नव्हे. पाचव्या शतकात रोमन सत्ता ढासळताना गॉथ नावाच्या जर्मन वंशाच्या टोळ्या तिथं शिरल्या, राज्यकर्त्या झाल्या. त्यांच्या बोलीत ‘ह्रोथ’ म्हणजे कीर्ती आणि ‘रिक’ म्हणजे सत्ताधीश. हा ‘रिक’ आपल्या ‘राजा’चाच दूरचा भाऊबंद. म्हणजे आजोबा चक्क कीर्तिराजाचे वंशज!

गॉथांनी राज्य केलं, पण भाषा उचलली प्रजेची. त्यांची स्वतःची भाषा विरून गेली आणि मागे उरली नावं : आल्फोन्सो, फर्नांदो, रॉड्रिगो. त्यांच्या अखेरच्या राजांपैकी एकाचं नाव हेच. ७११ साली तारिक बिन झियादच्या फौजेपुढे तो हरला. लोककथांनी त्याला फार छळलं. सरदाराच्या लेकीवर त्याची वाईट नजर पडली, म्हणून राज्य बुडालं म्हणे. एवढ्या बदनाम राजाचं नाव पोराला कोण ठेवणार? पण लोक ठेवत राहिले. १०९४ साली वॅलेन्सिया जिंकणारा स्पेनचा लाडका वीर ‘एल सिद’, त्याचंही पाळण्यातलं नाव रॉड्रिगो. ‘सिद’ हा अरबी शब्द, आपल्या ‘सय्यद’च्या कुळातला. मुस्लिम राजाच्या पदरीही त्यानं चाकरी केली होती. जर्मन नाव, अरबी किताब आणि वीर स्पेनचा!

वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ साली चिमाजीआप्पांनी घेतली. मधल्या दोनशे वर्षांत बाप्तिस्मा घेणाऱ्या घरांना ही नावं चिकटली. गॉथांचं नाव राहिलं, भाषा गेली. आजोबांच्या घराण्यानं नाव परक्याचं घेतलं, पण बोली आपलीच ठेवली. पासबुक उलटताना ते नातवाशी जे बोलत, ती सामवेदी बोली मला निम्मीच कळे.

गेल्या वर्षी मुद्दाम वसईला गेलो. आजोबा केव्हाच गेले होते. तो नातू भेटला, आता केस पिकलेला. त्याला सगळं सांगितलं. तो हसला.

‘‘आजोबा म्हणायचे, साहेबांनी पैसे दिले, अर्थ तेवढा बाकी आहे.’’