मोडलेल्या लोखंडाचा जबाब

सोयाबीनची सुगी ऐन भरात असताना, म्हणजे दसरा मागे पडून दिवाळी दारात आली असताना, रिसोडच्या वाटेवर असलेल्या आमच्या एका आप्तांच्या शेतात मळणीयंत्राचा मुख्य दांडा भर दुपारी मोडला. आणि वर ढग जमलेले, खाली सोंगून ठेवलेल्या गंजीवर ताडपत्री ओढण्याची धांदल चाललेली, मजुरांची हजेरी चढत चाललेली, अशा समयी त्या दांड्याच्या मरणाची चौकशी करण्याचे भान कोणास राहावे? दोन्ही तुकडे मोटारसायकलवर बांधून वाशीमच्या एका लेथवाल्याकडे नेण्यात आले. सोबत जाण्याचे काम, शेतीस निरुपयोगी मनुष्य म्हणून, माझ्याकडे आले.

कारागिराने तुकडे हातात घेतले, ते एकमेकांस बरोबर जुळतात की नाही हे पाहण्यासाठी मोडलेल्या बाजू परस्परांवर दोन-तीनदा घासल्या, आणि निदान सांगितले : “जुनं झालं का लोखंडाचे दाने होतात, मास्तर. त्याच्यात जीव राहत नाही.” त्याचा हात कसबी होता, आणि तासाभरात त्याने नवा दांडा कातून दिला, याबद्दल त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे, परंतु त्या तासाभरात त्याने, स्वतःच्याही नकळत, एक साक्षीदार अर्धवट मुका केला. मोडलेल्या धातूचा जो ताजा पृष्ठभाग, ज्यास भंगपृष्ठ म्हणतात, तो म्हणजे त्या वस्तूने मृत्यूपूर्वी दिलेला जबाब असतो; आणि तो इतक्या बारीक अक्षरांत लिहिलेला असतो की दोन तुकडे नुसते एकमेकांवर घासले तरी त्यातील कित्येक ओळी कायमच्या पुसल्या जातात. गुन्ह्याच्या तपासात पंचनामा होण्यापूर्वी मुद्देमाल धुऊन ठेवणाऱ्याला आपण काय म्हणू?

सुदैवाने मोठी अक्षरे शिल्लक होती. लेथच्या दिव्याखाली तो तुकडा फिरवून पाहता पेल्याच्या बुडाएवढ्या त्या वर्तुळाचा तीन चतुर्थांश भाग गुळगुळीत, जवळजवळ घोटल्यासारखा दिसत होता, आणि त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा एकाभोवती एक अशा कमानी उमटल्या होत्या. उरलेला चतुर्थांश मात्र खडबडीत व राखाडी होता. त्या सर्व कमानींचे उगमस्थान एकच होते : पुली घट्ट राहावी म्हणून दांड्यात लोखंडी चावी बसवतात, त्या चावीच्या खाचेचा काटकोनी, धारदार कोपरा. याहून लक्षणीय गोष्ट अशी की त्या कोपऱ्यालगतच्या पहिल्या दोन-तीन कमानी तांबूस होत्या, त्यांवर गंज चढला होता, आणि पुढच्या कमानी स्वच्छ होत्या. याचा अर्थ उघड आहे. भेग गेल्याच सुगीत सुरू झाली होती. नंतर यंत्र छपरीत उभे राहिले, पावसाळ्याची दमट हवा त्या केसाएवढ्या फटीत शिरली, आणि ज्या दांड्याला आम्ही यंदा “एकाएकी मोडला” म्हणून दोष दिला, तो गतवर्षापासूनच मोडत होता.

धातूचा थकवा म्हणतात तो हा. फिरत्या दांड्याला पट्ट्याची ओढ एका बाजूने वाकवते. त्यामुळे दांड्याच्या अंगावरील प्रत्येक बिंदू अर्ध्या फेऱ्यात ताणला जातो आणि पुढल्या अर्ध्यात दाबला जातो. मिनिटाला ६०० फेरे धरले तर तासाला ३६,००० आणि दहा तासांच्या एका दिवसाला ३,६०,००० वेळा ही ओढाताण होते. तीन दिवसांत दहा लाखांचा आकडा ओलांडतो. एका वेळचा तो भार दांड्याच्या अंगभूत बळाच्या मानाने क्षुल्लक असतो, परंतु धारदार कोपऱ्यात तो एकवटतो, आणि तेथे दर फेऱ्यागणिक भेग सूक्ष्म पाऊल पुढे टाकते. अखेर उरलेले लोखंड भार पेलण्यास अपुरे ठरले की तो शेवटचा, खडबडीत चतुर्थांश एका क्षणात तुटतो. तो भाग लहान असेल तर भार बेताचा होता, मोठा असेल तर यंत्रावर जुलूम झाला, हेही त्यावरून वाचता येते. आमच्या आप्तांनी यंत्रात ओला माल कोंबला असा जो आरोप घरात झाला होता, त्यातून भंगपृष्ठाने त्यांची बऱ्याच अंशी मुक्तता केली.

“लोखंडाचे दाणे होतात” ही समजूत आमच्या लेथवाल्याची एकट्याची नव्हे, आणि अडाण्याची तर नव्हेच. एके काळी युरोपातील नामांकित इंजिनिअर तीच बाळगून होते. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला, डबे एकावर एक चढून पेटले, दारांना बाहेरून कुलपे असल्यामुळे पन्नासांहून अधिक माणसे जळून मेली, आणि मोडलेल्या आसाचा चकचकीत दाणेदार भाग पाहून विद्वानांनी निर्णय दिला की सततच्या कंपनाने तंतुमय लोखंडाचे स्फटिक बनले. वस्तुतः सगळेच लोखंड आरंभापासून स्फटिकमय असते. दाणे भंगामुळे दिसतात, जन्मत नाहीत. पुढच्याच वर्षी रँकिन या तरुण स्कॉटिश इंजिनिअराने मोडलेले आस तपासून दाखवले की भेग बाहेरून, आसाचा व्यास जेथे बदलतो त्या खांद्यापासून, हळूहळू आत शिरते. म्हणून खांदा काटकोनी न ठेवता त्यास गोलाई द्यावी. प्रशियाच्या रेल्वेतील व्होलर याने नंतर वर्षानुवर्षे दांडे फिरवून, वाकवून, मोडून सिद्ध केले की लोखंडास एक सहनमर्यादा असते. ताण तिच्या खाली राहिला तर फेरे कितीही होवोत, ते मोडत नाही. रँकिनची ती गोलाई आमच्या मळणीयंत्राच्या खाचेपर्यंत पावणेदोनशे वर्षांत पोहोचली नाही. नव्या दांड्यात मात्र मी ती आग्रहाने करवून घेतली, आणि कारागिराने माझ्याकडे, मास्तर लोकांकडे पाहतात तसे, पाहिले.

सगळेच भंग थकव्याचे नसतात. वर्गातला खडू दोन्ही हातांनी पिळून मोडून पाहावा : तो सरळ न तुटता मळसूत्रासारखा तिरपा तुटतो, कारण पिळातून उत्पन्न होणारी ओढ पंचेचाळीस अंशांत काम करते आणि ठिसूळ द्रव्य त्या ओढीस प्रथम शरण जाते. चिवट पोलाद तुटण्यापूर्वी लांबते, बारीक होते, आणि मळकट, तंतुमय मुद्रा मागे ठेवते. वेल्डिंगने सांधलेला दांडा बहुधा सांध्यात नव्हे तर सांध्याच्या कडेला तुटतो. मध्यम कार्बनचे पोलाद आधी न तापवता, पावसाळ्यात दमट झालेल्या कांडीने सांधले, की कडेचा पट्टा काचेसारखा कठीण होतो आणि ओलाव्यातून आलेला हायड्रोजन त्यात भेगा पाडतो. आमच्या जिल्ह्यात सुगीच्या दिवसांत अशी किती वेल्डिंगे होत असतील, याची गणती न केलेली बरी.

या शास्त्राच्या इतिहासातील एक प्रकरण तर खास हिंदुस्थानच्या पावसाळ्याने घडवलेले आहे. इंग्रजी फौजेच्या पितळी काडतुसांच्या नळ्यांना, बंदुकीत न घालताच, कोठारात पडल्या पडल्या तडे जात. हे बहुतेक पावसाळ्यात घडे, म्हणून त्या विकारास ऋतूचेच नाव पडले. पावसाळ्यात मोहिमा थंडावत आणि दारूगोळा तबेल्यांशेजारी रचून ठेवला जाई; घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, हवेतील ओल, आणि नळी ओढून घडवताना पितळेत कोंडून राहिलेला ताण, या तिघांच्या संगनमताने पितळ फाटे. तिघांपैकी कोणताही एक गैरहजर असता तर काही बिघडले नसते. १९२१ साली ही कैफियत नीट उलगडली, आणि उपाय निघाला तो किती साधा : नळी घडवल्यावर मंद आचेवर तापवून तिच्यातील कोंडलेला ताण मोकळा करावा. गोठ्याशेजारच्या खोलीत युरियाची पोती आणि पितळी वस्तू एकत्र ठेवणाऱ्यांनी हे वाचून ठेवण्यास हरकत नाही.

पूर्वी कारंज्याहून जाणारी मूर्तिजापूर-यवतमाळ ही ‘शकुंतला’ आगगाडी पाहिलेल्या वाचकांस १९२१ हे साल दुसऱ्याही कारणाने ओळखीचे वाटेल. त्या वर्षी मँचेस्टरात घडवलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. माझ्या मते त्या दीर्घायुष्याचे रहस्य जुन्या लोखंडाच्या कथित पुण्याईत नसून मंद गतीत, बेताच्या भारात आणि हातोडीने चाके ठोकून नाद ऐकणाऱ्या कामगारांत होते. बाजारात माठ घेताना आमच्या बाया तो वाजवून पाहतात, त्यातले शास्त्र हेच : भेगेला नाद नसतो. वाशीमवरून जाणाऱ्या अकोला-पूर्णा मार्गासारख्या मोठ्या लोहमार्गांवर आता हातोडीच्या जागी श्राव्यातीत ध्वनिलहरी रुळांच्या पोटात सोडून भेगा हुडकतात. तरीही हिवाळ्याच्या पहाटे, रूळ थंडीने आखडून ताणलेले असताना, रुळावरून पायी चालत जाणारा चावीवाला चुकलेला नाही.

लहान भेगेचा मोठा हिशेब जगाने अनेकदा चुकता केला आहे. १९५४ च्या जानेवारीत आणि एप्रिलात दोन कॉमेट जेट विमाने इटलीजवळच्या समुद्रावर आकाशात फुटली; एल्बा बेटापाशी समुद्रतळातून तुकडे वेचून आणले, इंग्लंडात तसेच एक विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्यात पुन्हापुन्हा दाब भरला, आणि उत्तर मिळाले ते पत्र्यात कापलेल्या झरोक्याच्या कोपऱ्यात. अमेरिकेतील ‘सिल्व्हर ब्रिज’ १५ डिसेंबर १९६७ रोजी ४६ माणसांचा बळी घेऊन ओहायो नदीत कोसळला, तो एका पट्टीच्या डोळ्यात जेमतेम अडीच मिलिमीटर खोल असलेल्या भेगेमुळे. पट्ट्यांची जोडी अशी होती की एक गेल्यावर भार घेण्यास दुसरी समर्थ नव्हती. मला या पुलाच्या हकिकतीत भेगेपेक्षा ही रचनाच अधिक गुन्हेगार वाटते.

आपल्याकडे काय होते? मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे पुरते नऊ महिनेही न उलटता, कोसळला. प्रथम सांगण्यात आले ते ताशी ४५ किलोमीटरच्या वाऱ्याचे कारण. पुढे चौकशी समितीच्या अहवालाचे जे वृत्त प्रसिद्ध झाले, त्यात गंज, दुबळा सांगाडा आणि सदोष वेल्डिंग ही कारणे आली. नट-बोल्ट गंजल्याचे पत्र तर कोसळण्यापूर्वीच दप्तरी दाखल होते. वाऱ्याने केवळ वेळ ठरवली. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल चार जणांचा बळी घेऊन पडला, तेव्हाही बोट प्रथम गर्दीकडे गेले. गर्दी होतीच, आणि पूल धोकादायक असल्याचा फलकही होता; परंतु फलक लावल्याने लोखंडाचे वय कमी होत नाही, आणि रस्ता बंद केल्यावाचून फलक म्हणजे प्रशासनाने स्वतःच्या बचावासाठी आगाऊ करून ठेवलेला अर्ज ठरतो. आमच्याकडे दुर्घटनेनंतर मोबदला, गुन्हा आणि निलंबन यांचे हुकूम तत्परतेने निघतात. तुटलेला तुकडा कोणी, कोठे, कसा जपून ठेवला याची नोंद मात्र शोधूनही सापडत नाही.

भंगाराच्या भावाने विकल्या जाणाऱ्या या दस्तऐवजासाठी मोठी प्रयोगशाळाच हवी असे नाही. नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेत धातुशास्त्राचा विभाग आहे, पुण्याला जुने अभियांत्रिकी महाविद्यालय, आताचे तंत्रज्ञान विद्यापीठ, आहे, आणि लखनौला रेल्वेची स्वतःची संशोधन संस्था मोडलेल्या रुळांची आणि आसांची उत्तरीय तपासणी करते. पण त्यांच्या दारापर्यंत तुकडा शाबूत पोहोचला तर. शेतकऱ्यांस आणि कारागिरांस माझी विनंती इतकीच आहे की पुन्हा दांडा मोडेल तेव्हा मोडलेल्या बाजू एकमेकांस लावू नका, त्यांवर बोट फिरवू नका, तारेच्या ब्रशाने गंज काढू नका. मोबाइल आहेच, तर एक छायाचित्र घ्या, तुकडे वेगवेगळ्या कोरड्या कापडात गुंडाळा, आणि मोडण्याची तारीख व त्या दिवशीचे काम एका चिठ्ठीवर लिहून आत ठेवा.

आमच्या दांड्याचा एक तुकडा अशा कापडात, चिठ्ठीसह, माझ्या टेबलाच्या खणात आहे. दुसरा आप्तांनी गोठ्यात खुंटा म्हणून ठोकला असून त्यास सध्या एक वासरू बांधलेले असते.