क्लोरिन कुठला हायड्रोजन पळवतो?

स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅसात ब्यूटेन असतो. प्रयोगशाळेत तोच ब्यूटेन क्लोरिनसोबत अंधारात, नेहमीच्या तापमानाला ठेवला तर काहीच घडत नाही. अतिनील प्रकाश पडला, की क्लोरिनचे काही रेणू दुभंगतात आणि जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणारे क्लोरिन अणू सुटतात. हेच मुक्त मूलक. असा अणू ब्यूटेनमधला एक हायड्रोजन ओढून नेतो. उघडा पडलेला कार्बन दुसऱ्या क्लोरिन रेणूतला एक अणू घेतो आणि उरलेला अणू पुढच्या शिकारीला मोकळा. ही साखळी थांबण्याआधी हजारो वेळा फिरू शकते.

पण हायड्रोजन जातो कुठला? ब्यूटेनमध्ये ते दहा: सहा टोकांच्या कार्बनांवर, चार मधल्या. क्लोरिनला सगळे सारखेच असते, तर १-क्लोरोब्यूटेन ६० टक्के आणि २-क्लोरोब्यूटेन ४० टक्के मिळालं असतं.

मिश्रण गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये सोडलं, की साध्या कॉलममधून आधी ६८ अंशांना उकळणारं २-क्लोरोब्यूटेन बाहेर येतं, मागून ७८ अंशांचं १-क्लोरोब्यूटेन. दोघांचं रेणुसूत्र एकच, त्यामुळे ज्वालेवर चालणारा शोधक दोघांना जवळपास सारखाच प्रतिसाद देतो आणि आलेखावरच्या शिखरांची क्षेत्रफळं थेट ताडून पाहता येतात. ब्यूटेन मात्र भरपूर ठेवावा लागतो. नाहीतर दोन-दोन क्लोरिनवाली संयुगं घुसतात आणि हिशेब बिघडतो.

आकडे निघतात साधारण २८ आणि ७२. अंदाज उलटाच! आता २८ ला सहाने भागा, ७२ ला चाराने: ४.७ आणि १८. म्हणजे मधला प्रत्येक हायड्रोजन टोकाच्या हायड्रोजनपेक्षा जवळपास चौपट सहज सुटतो, कारण मधला कार्बन-हायड्रोजन बंध किंचित कमकुवत असतो. पाठ्यपुस्तकं ‘मिश्रण मिळतं’ एवढं म्हणून पुढे जातात, हे मला खटकतं. हा भागाकार त्या मिश्रणातूनच तर निघतो.

क्लोरिनऐवजी ब्रोमिन घेतलं तर मधल्या कार्बनाचा वाटा ९८ टक्क्यांवर जातो. हायड्रोजन ओढताना क्लोरिनला ऊर्जा मिळते, ब्रोमिनला खर्चावी लागते. म्हणून बंधातला किरकोळ फरकही ब्रोमिनला जाणवतो.

आणि २-क्लोरोब्यूटेनचं ते एकच शिखरही फसवं आहे. त्यात परस्परांच्या आरशातल्या प्रतिमा असलेले दोन प्रकारचे रेणू निम्मे-निम्मे असतात. साध्या कॉलमला ते वेगळे काढता येत नाहीत.