वसईच्या तहातील ‘मैत्री’

विद्यार्थ्यांना वसईचा किल्ला दाखवताना आम्ही त्यांना १८०२ च्या तहाची गोष्ट आवर्जून सांगतो. ३१ डिसेंबर रोजी दुसरा बाजीराव आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात वसईत झालेल्या या तहाची भाषा कायमच्या मैत्रीची व संरक्षणाची होती. कलमे मात्र निराळेच बोलतात. कंपनीचे किमान ६,००० पायदळ पेशव्यांकडे राहील; त्याच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा; कंपनीला विचारल्याविना इतर सत्तांशी बोलणी करू नयेत. पुढच्याच वर्षी शिंदे व नागपूरकर भोसले यांच्याशी इंग्रजांचे युद्ध झाले आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली.

पेशवाईसाठी अश्रू ढाळण्याचे आम्हांला कारण नाही. तिने आमच्या पूर्वजांना माणूस मानले नाही. पण म्हणून इंग्रजांचा न्यायाचा दावा खरा ठरतो काय? १९३० च्या पहिल्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी लंडनमध्येच तो कसोटीला लावला. इंग्रजांपूर्वी अस्पृश्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, देवळात प्रवेश नव्हता. इंग्रजी अमलाने ते हक्क मिळवून दिले काय, असा त्यांचा रोखठोक सवाल होता.

२००३ मध्ये अमेरिकेने इराकवर स्वारी केली, तेव्हा मोहिमेच्या नावातच ‘इराकी स्वातंत्र्य’ होते. नीतीची भाषा अशी कानी पडली की आमच्या माजी विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांप्रमाणे आधी विहिरीकडे पाहावे : पाणी कोणाला मिळाले आणि मुलूख कोणाकडे गेला?