सर्पगंधा: रक्तवाहिन्यांपासून मनापर्यंत

मनोविकारांवरील आधुनिक औषधांचा इतिहास बहुधा १९५२ च्या पॅरिसपासून, म्हणजे क्लोरप्रोमाझिनच्या वापरापासून, सांगितला जातो. परंतु मेंदूतील रसायनांविषयीची आजची समजूत घडवण्यात ज्या रेसरपिनचा वाटा त्याहून कमी नाही, ते सर्पगंधेच्या मुळातून मिळाले. हे मूळ उन्माद आणि वाढलेला रक्तदाब या दोहोंवर उपयोगी पडते, असे कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच लिहिले होते. पाश्चात्त्य वैद्यकाने मात्र त्याची खरी दखल घेतली ती मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये ५० रुग्णांवरील निरीक्षणे मांडल्यावर. त्यानंतर तीनच वर्षांत बाझेलच्या सिबा कंपनीने मुळातून रेसरपिन वेगळे केले आणि १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. १९५७ च्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत वकील आणि क्लाइन दोघेही होते. तरीही मनाच्या औषधांची कथा सांगताना वकिलांचे नाव अभावानेच घेतले जाते, हे खटकण्याजोगे आहे.

एकच द्रव्य रक्तवाहिनी आणि मन या दोहोंवर कसे चालते, याचे उत्तर मज्जातंतूंच्या टोकांत आहे. तेथे नॉरॲड्रेनलिन, डोपामिन, सेरोटोनिन यांसारखी संदेशवाहक रसायने सूक्ष्म पिशव्यांत साठवलेली असतात. नागपूरच्या लकडगंजातील एखाद्या वखारीचे फाटक अडवले, तर आलेले लाकूड आत रचता येत नाही, ते रस्त्यावरच पडून नासते आणि गिऱ्हाईक दारात उभे राहते तेव्हा द्यायला माल उरत नाही. रेसरपिन नेमके असेच फाटक अडवते. पिशवीत रसायन ओढून घेणारे प्रथिन ते जवळजवळ कायमचे निकामी करते, बाहेर राहिलेल्या रसायनाचे विकर विघटन करतात, आणि नव्या पिशव्या तयार होईपर्यंत साठा भरून निघत नाही. ही टंचाई रक्तवाहिन्यांवरील मज्जातंतूंत झाली की वाहिन्या सैलावून रक्तदाब उतरतो, आणि मेंदूत झाली की क्षोभ शमतो. पुढे स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसरपिनमुळे निश्चल पडलेल्या सशांना डोपामिनचे पूर्वद्रव्य, म्हणजे ज्यापासून ते शरीरात बनते ते एल-डोपा, टोचले, तेव्हा ते ससे पुन्हा हालचाल करू लागले; १९५७ मधील या प्रयोगातून डोपामिनचे महत्त्व उलगडले आणि कंपवातावरील उपचाराची वाटही दिसली.

याच औषधावरून मात्र एक घाईचा निष्कर्षही निघाला. रक्तदाबासाठी रेसरपिन घेणारे काही रुग्ण खिन्न झाल्याचे दिसले, म्हणून या रसायनांची कमतरता म्हणजेच नैराश्य, असे समीकरण रूढ झाले. वास्तविक लंडनच्या डेव्हिस व शेफर्ड यांनी १९५५ मध्येच, अर्ध्या रुग्णांना निष्क्रिय गोळी देऊन केलेल्या तुलनेत, चिंताग्रस्त व खिन्न रुग्णांना रेसरपिनने बरे वाटल्याचे नोंदवले होते. सोयीच्या सिद्धान्ताला अडचणीचा ठरणारा हा पुरावा बराच काळ बाजूला पडला. नैराश्यावरील आजची औषधे अनेकांना उपयोगी पडतात, परंतु त्यावरून ‘सेरोटोनिन कमी झाले होते’ असे सिद्ध होत नाही, जसे पॅरासिटामॉलने ताप उतरला म्हणून शरीरात पॅरासिटामॉलची उणीव होती असे ठरत नाही.

रक्तप्रवाहाच्या बाबतीतही असाच सावधपणा हवा. क्वेटियापिन, क्लोझापिन यांसारखी मनोविकारांवरील औषधे रक्तवाहिन्या आकुंचित ठेवणाऱ्या अल्फा ग्राहींना अडवतात, त्यामुळे झटकन उभे राहिल्यावर रक्तदाब घसरून चक्कर येते. एरवी मात्र रक्तदाब बराच खाली-वर झाला तरी मेंदू आपल्या वाहिन्या कमी-अधिक रुंद करून पुरवठा जवळपास स्थिर राखतो. सीमोर केटी यांनी १९४८ मध्ये, हुंगवलेल्या नायट्रस ऑक्साइडचे रक्तातील प्रमाण मोजून, छिन्नमनस्कतेच्या रुग्णांच्या मेंदूतील एकूण रक्तप्रवाह निरोगी माणसांइतकाच असल्याचे दाखवले. फरक आढळतात ते निरनिराळ्या भागांतल्या वाटपात. आजच्या बहुतेक रंगीत मेंदूचित्रांतही विचार किंवा रसायन थेट दिसत नसून रक्तातील प्राणवायूचा बदल दिसतो, आणि औषध स्वतःच रक्तवाहिन्यांवर काम करत असेल, तर चित्रातील बदल चेतापेशींचा की वाहिन्यांचा, हे त्या एका चित्रावरून ठरवता येत नाही.