उद्योगाची इच्छा आणि घरची पार्श्वभूमी

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे एकापाठोपाठ येतात. तिन्हीकडची बहुतेक महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न असल्याने पदवीचा अभ्यासक्रम मोठ्या प्रमाणात सारखाच असतो. तरीही पदवीनंतर स्वतःचा उद्योग काढावा की नोकरी धरावी, या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी घराघरानुसार बदलते.

या भेदाचे मूळ शहरांच्या जडणघडणीत आहे. 1947 च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत वसवण्यात आले आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी होऊन त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. शेतीवाडी आणि घरदार मागे राहिलेल्या अनेक कुटुंबांनी फेरी, दुकान आणि लहान कारखाना यांतून उपजीविका उभी केली, ज्यातून पुढे कपड्यांचे गजानन मार्केट, फर्निचर बाजार आणि जीन्सची शिलाई यांची ओळख निर्माण झाली. अंबरनाथ मात्र आयुध निर्माणी, विमकोचा आगपेटी कारखाना आणि औद्योगिक वसाहत यांच्या आधाराने वाढले, तर बदलापुरात लोकलने मुंबई-ठाण्याला नोकरीसाठी जाणाऱ्यांची वस्ती मोठी झाली. अर्थात पगारदार घरे उल्हासनगरात आहेत आणि दुकानदार बदलापुरातही आहेत. त्यामुळे हा फरक शहरापेक्षा घराचा मानावा लागतो.

मानसशास्त्रज्ञ आइसेक आयझेन यांनी 1991 मध्ये विस्ताराने मांडलेला ‘नियोजित वर्तनाचा सिद्धांत’ येथे उपयोगी पडतो. त्यानुसार एखादी कृती करण्याचा इरादा तीन गोष्टींवर ठरतो : त्या कृतीविषयीचे स्वतःचे मत, आप्तेष्टांची अपेक्षा आणि ‘हे आपल्याला जमेल’ हा विश्वास. व्यापारी घरातील मुलाला तिसऱ्या बाबतीत विशेष लाभ होतो. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी खेळते भांडवल, म्हणजे रोजचा व्यवहार चालवण्यासाठी लागणारा पैसा, ही संज्ञा पुस्तकात वाचतो. पण जीन्स शिवणाऱ्या घरातील मुलाने कापडाचे पैसे आधी देणे, कारागिरांची मजुरी आठवड्याला चुकती करणे आणि घाऊक गिऱ्हाइकाची उधारी मात्र महिन्या-दोन महिन्यांनी वसूल होणे हे गल्ल्यावर बसून पाहिलेले असते. उलट, पगाराच्या तारखेवर घरखर्च बेतणाऱ्या कुटुंबात उधारीचा विचारच धास्ती निर्माण करतो.

स्वयंरोजगारी पालकांची मुले स्वयंरोजगाराकडे अधिक वळतात, असे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे. मात्र धंदा बुडाल्याचे हाल जवळून पाहिलेल्या मुलाला हाच अनुभव परावृत्तही करू शकतो. मुलींच्या बाबतीत दुसरा घटक, म्हणजे घरच्यांची अपेक्षा, अधिक जाचक ठरतो. कारण दुकानाचा वारस म्हणून मुलाकडे पाहणाऱ्या घरात हिशेब उत्तम सांभाळणाऱ्या मुलीचा विचार बहुधा होतच नाही.

पार्श्वभूमीचा आर्थिक भागही दुर्लक्षिण्याजोगा नाही. 2008 पासून चालू असलेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात सर्वसाधारण प्रवर्गातील अर्जदाराला प्रकल्पखर्चाच्या 10 टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती आदी विशेष प्रवर्गांतील अर्जदारांना 5 टक्के रक्कम स्वतः उभी करावी लागते. दहा लाखांच्या प्रकल्पासाठी हा वाटा एक लाख किंवा पन्नास हजार इतका होतो, आणि तो कुठून आणायचा हे बहुतांशी घरच्या ऐपतीवरच अवलंबून असते.

तरीही उद्योजकता ही रक्तातून येते, ही समजूत टिकणारी नाही. व्यापारी घरातील मुलाकडे जे अधिक असते ते वारशाने नव्हे, सहवासाने मिळालेले असते. सहवासाची सोय मात्र घराबाहेरही करता येते. अंबरनाथची औद्योगिक वसाहत आणि उल्हासनगरचे बाजार महाविद्यालयांच्या इतके जवळ असताना उद्योजकतेचे शिक्षण प्रकल्प-अहवालापुरते ठेवणे हा संधीचा अपव्यय आहे. पदवीच्या वर्षांतच विद्यार्थ्यांना काही महिने एखाद्या लहान कारखान्यात खरेदी, मजुरी आणि वसुलीचा हिशेब ठेवायला लावला, तर नोकरदार घरातील पदवीधरालाही ‘हे आपल्याला जमेल’ असे म्हणता येईल.