मनगटाचा फोटो आणि मनगटाची फाइल

मागच्या टर्मला ऑब्स्टॅकल कोर्सच्या भिंतीवरून उतरताना माझा तोल गेला आणि मी उजव्या तळहातावर पडलो. एमआय रूममधून जिल्ह्याच्या गावी एका दवाखान्यात पाठवले. तिथे एक्स-रे निघाला, ‘हाड ठीक आहे, मुका मार आहे’ असे सांगून क्रेप बँडेज बांधले. चार दिवस झाले तरी अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा असतो तिथे बोट लावले की कळ यायची. घरी फोन केला तेव्हा बाबा म्हणाले, “फिल्मचा फोटो काढून पाठव. मामांच्या ओळखीचे रेडिओलॉजिस्ट आहेत कोल्हापूरला.”

मी फिल्म डॉर्मिटरीच्या खिडकीला लावली आणि हाउस मास्टरांच्या फोनवरून फोटो पाठवला. अर्ध्या तासात उत्तर आले: “या फोटोत मला मनगटापेक्षा खिडकीचे गज जास्त दिसतायत. दवाखान्याने सीडी दिली असेल, त्यातली मूळ फाइल पाठव.”

सीडी होती, पण ती लावायची कुठे? शेवटी कॉम्प्युटर लॅबच्या सरांनी कोपऱ्यातले एक जुने मशीन सुरू केले. आत नुसते आकडे असलेल्या नावांच्या फाइली होत्या, डबल क्लिक करून एकही उघडेना. त्या डायकॉम फाइली होत्या. सरांनी त्यासाठीचे मोफत सॉफ्टवेअर घातले आणि माझे मनगट पडद्यावर आले. तेव्हापासून या विषयाचे मला वेड लागले, म्हणून हा लेख.

पूर्वी प्रत्येक कंपनीचे मशीन आपल्याच पद्धतीने चित्र साठवायचे, एकाचे दुसऱ्यावर उघडत नसे. म्हणून अमेरिकेतील रेडिओलॉजिस्टांची संघटना आणि यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांची संघटना १९८३ साली एकत्र बसल्या. १९८५ मध्ये पहिला नियमसंच आला आणि १९९३ पासून तो डायकॉम या नावाने ओळखला जातो. आज एक्स-रे, सीटी, एमआरआय, सोनोग्राफी या सगळ्यांची चित्रे जगभर याच पद्धतीने साठवतात. मोठ्या इस्पितळात ती ज्या सर्व्हरवर राहतात त्या व्यवस्थेला पॅक्स म्हणतात.

आता फोटो आणि फाइल यांत फरक काय? फोनच्या साध्या फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ छटा मावतात. डायकॉम फाइलमध्ये बहुधा ४०९६ असतात. पडदाही एका वेळी साधारण २५६च दाखवतो, पण डॉक्टर माउस सरकवून त्या ४०९६ पैकी हवा तेवढाच पट्टा पडद्यावर पसरवतात.

डोक्याच्या सीटीचे उदाहरण घेऊ, कारण तिथे हा फरक जीवावरचा आहे. सीटीमध्ये प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो: पाणी ०, हवा उणे १०००, कठीण हाड हजाराच्या आसपास किंवा वर. सीटी स्कॅनर बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचे नाव या मोजमापाला दिले आहे. त्यांना १९७९ चे नोबेल मिळाले. मेंदूचा आकडा साधारण ३५, ताज्या साकळलेल्या रक्ताचा ६०-७०. म्हणजे फरक तीसेक. ४०९६ आकडे २५६ छटांत कोंबले की एका छटेत १६ आकडे जातात. मेंदू आणि रक्त यांच्यात उरतात जेमतेम दोन छटा, आणि त्या आपल्या डोळ्याला कळत नाहीत. मूळ फाइल असली की डॉक्टर ० ते ८० एवढाच पट्टा निवडतात आणि रक्त पांढरे उठून दिसते. फोटोत जे एकदा गेले ते कितीही झूम केले तरी परत येत नाही.

अडचण आकाराची. सीटीच्या एका कापात ५१२ गुणिले ५१२ ठिपके, प्रत्येकाला २ बाइट, म्हणजे अर्धा एमबी. पाचशे काप असले की २५० एमबी. २ एमबीपीएसच्या लाइनवर हे पाठवायला जवळजवळ १७ मिनिटे लागतात. एकही आकडा न गमावता फाइल निम्मी किंवा एक-तृतीयांश करणारे कॉम्प्रेशन असते, त्यामुळे वेळ वाचतो. इस्रोने २००१ मध्ये उपग्रहावरून टेलिमेडिसिनचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला, तो जिथे तारा पोचत नाहीत अशाच दवाखान्यांसाठी. माझी चार चित्रे मिळून ३० एमबीसुद्धा नव्हती. जेवणाची घंटा व्हायच्या आत गेली.

लगेच कोल्हापूरहून फोन. “हे मनगट तुझंच का?”

डायकॉम फाइलमध्ये चित्राच्या आधी माहितीचा मजकूर असतो: नाव, जन्मतारीख, रुग्ण क्रमांक, तपासणीची वेळ. शिवाय प्रत्येक चित्राला जगात दुसऱ्या कुठल्याही चित्राला नसलेला एक लांबलचक क्रमांक मिळतो. पण यंत्र काय, आपण टाइप करू तेच लिहिणार. माझ्या फाइलमध्ये नाव होते ‘पाटील कॅडेट’, बाकी रकाने रिकामे. आमच्या शाळेत आडनावानेच हाक मारतात, आणि त्या दिवशी त्याच गाडीतून दुसरा पाटीलही मनगट धरून गेला होता! वाचवले ते चित्राच्या कोपऱ्यातल्या ‘आर’ या खुणेने. त्याचा हात डावा, माझा उजवा. दोघांचाही उजवा असता तर काय झाले असते याचा विचार मी रात्री बराच वेळ करत होतो.

डॉक्टरांनी सांगितले ते असे. त्या खळग्याखाली स्कॅफॉइड नावाचे काजूएवढे हाड असते. त्याची चीर पहिल्या एक्स-रेत बरेचदा दिसतच नाही, त्यामुळे ‘ठीक आहे’ म्हणणारा चुकलाच असे नाही. पण या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाने मिळते. चीर हलत राहिली तर मागचा तुकडा उपाशी पडून मरू शकतो. “चीर आहे असंच धरून प्लास्टर घाला, दोन आठवड्यांनी परत एक्स-रे काढा, आणि ही पहिली फाइल पुसू नका.”

शाळेच्या डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी प्लास्टरची व्यवस्था केली. दोन आठवड्यांनी काढलेल्या चित्रात केसासारखी रेघ होती. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी दोन्ही चित्रे शेजारी लावून पाहिली. जागा कळल्यावर पहिल्या चित्रातही त्याच ठिकाणी पुसट सावली सापडली, तुकडे मात्र जराही सरकले नव्हते. ऑपरेशनची गरज नाही, असे त्यांनी सांगितले तेव्हा फोनवर आई रडली. मी एनडीएची मेडिकल डोळ्यासमोर धरून गप्प बसलो होतो.

लॅबच्या सरांनी माझ्या फाइली मशीनवरून माझ्याच हाताने पुसायला लावल्या. त्यात नाव आहे, दुसऱ्या कुणी का बघावे, म्हणाले. सीडी आणि पेन ड्राइव्ह माझ्या ट्रंकेत आहेत. एमआय रूमच्या रजिस्टरमध्ये आता आडनावापुढे पूर्ण नाव, रोल नंबर आणि जन्मतारीख लिहितात. दुसरा पाटील म्हणतो, रकाना माझ्यामुळे वाढला. मी म्हणतो, त्याच्यामुळे.