नवा नॅस दिसत नाहीये? परत करण्याआधी हे तपासा

मंडळी, नॅस म्हणजे घरातल्या सगळ्यांना नेटवर्कवरून वापरता येणारी साठवण. माझा पहिला नॅस जोडला, दिवे लागले, पण लॅपटॉपवर काहीच दिसेना. अख्खी संध्याकाळ गेली. तुमची वाचावी म्हणून हा क्रम:

१. केबल राउटरच्या लॅन पोर्टातच हवी, वॅनमध्ये नको. पोर्टाजवळचा दिवा लागला का, बघा.

२. राउटरच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी असते. नॅस त्यात नसेल किंवा नॅस कंपनीच्या शोधक ॲपमध्ये त्याचा आयपी पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. नॅस नीट शटडाउन करा. आधी राउटर, मग नॅस चालू करा.

३. लॅपटॉप गेस्ट वायफायवर नको. घरात फायबरवाल्याचा आणि स्वतःचा असे दोन राउटर असतील, तर लॅपटॉप आणि नॅस एकाच राउटरवर आणा. माझं घोडं इथंच अडलं होतं!

४. विंडोजमध्ये घरचं नेटवर्क ‘पब्लिक’ असेल, तर ‘प्रायव्हेट’ करा.

५. तरीही दिसेना? ब्राउझरमध्ये थेट नॅसचा आयपी पत्ता टाका.

जमलं की तोच पत्ता राउटरमध्ये नॅससाठी राखून ठेवा. आणि हो, दोन डिस्कचा नॅस म्हणजे बॅकअप नव्हे. फोटोंची आणखी एक प्रत घराबाहेर ठेवाच!